कापडावरचा डाग आधी कोणाला दिसतो?



मोठ्या कंपन्यांचे अहवाल वाचले की तीन शब्द हमखास भेटतात. कार्यक्षमता, प्रशिक्षण आणि ग्राहकसेवा. वाचताना वाटतं, ही तीन वेगळी खाती असणार. पहिलं कारखान्यात, दुसरं एचआरकडे आणि तिसरं हेडफोन लावून बसलेल्या मुलामुलींकडे. पण या तिन्हींवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे चांगले अभ्यास झाले, ते शेजारी-शेजारी ठेवून वाचले की तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. कंपनीत एका माणसाला जे कळलं आहे, ते दुसऱ्यापर्यंत कधी पोहोचतं? आणि पोहोचल्यावर त्याला त्यावर काही करता येतं का?

आज असे तीन अभ्यास समजून घेऊ. पहिला आपल्याच राज्यातला आहे आणि तोही विणकामाचा. त्यामुळे सोलापूरच्या माणसाने तर तो वाचायलाच हवा. शेवटी, वीस-पंचवीस मागांच्या आपल्याकडच्या कारखान्याला यातून काय घेता येईल तेही पाहू.

तारापूर आणि उंबरगावचा प्रयोग

२००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी एक साधा पण धाडसी प्रश्न विचारला. व्यवस्थापन चांगलं असलं की कंपनी जास्त कमावते, असं सगळेच म्हणतात. पण हे खरं आहे का? कदाचित उलटंही असेल. आधीच चांगली चालणारी कंपनीच चांगले मॅनेजर ठेवू शकत असेल. नुसतं निरीक्षण करून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

प्रयोगासाठी त्यांनी मुंबईच्या उत्तरेकडची दोन कापड केंद्रं निवडली, आपलं तारापूर आणि सीमेपलीकडचं गुजरातमधलं उंबरगाव. सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्या तयार झाल्या. या काही घरगुती खोल्यांतल्या मागांच्या कंपन्या नव्हत्या. सरासरी २७० च्या आसपास माणसं, एकाहून जास्त कारखाने, वर्षाची कोट्यवधींची विक्री. सगळ्या कुटुंबाच्या मालकीच्या.

त्यातल्या ११ कंपन्यांना चिठ्ठ्या टाकून 'सल्ला' गटात घेतलं आणि ६ कंपन्यांना 'तुलना' गटात. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीच्या भारतातल्या लोकांनी दोन्ही गटांची महिनाभर तपासणी केली. त्यानंतर सल्ला गटातल्या कारखान्यांत ते आणखी चार महिने थांबले आणि सुचवलेले बदल प्रत्यक्ष बसवून दिले. तुलना गटाला फक्त तपासणी मिळाली. मालकांकडून याचे पैसे घेतले नाहीत. बाजारभावाने हिशोब केला असता तर एका कारखान्यामागे सुमारे अडीच लाख डॉलर झाले असते.

एवढ्या महागड्या सल्ल्यात होतं तरी काय? ही यादी वाचून बऱ्याच जणांची निराशा होईल. एकूण ३८ गोष्टी होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक अशा:

माग बंद पडला की का आणि किती वेळ, ते लिहायचं. बिघडायच्या आधीच ठरलेल्या दिवशी मागाची देखभाल करायची. कापडातले दोष रोज, प्रकारानुसार नोंदवायचे. रोज सकाळी संबंधित माणसांनी थोडा वेळ एकत्र बसून कालच्या नोंदी पाहायच्या. गोदामातलं सूत किती, कुठल्या रंगाचं, किती जुनं, याची नोंद ठेवायची. कोणाचं काम काय हे लिहून ठेवायचं. चांगल्या कामाला बक्षीस ठेवायचं. कुठल्या ऑर्डरवर किती खर्च आला ते काढायचं.

एक नवीन यंत्र नाही. अवघड म्हणावं असं सॉफ्टवेअर नाही. वह्या, तक्ते आणि सकाळची बैठक.

निकाल काय आला? पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. संशोधकांच्या अंदाजानुसार एका कारखान्याचा वार्षिक नफा तीन लाख डॉलरच्या आसपास वाढला, म्हणजे सल्ल्याचा पूर्ण खर्च साधारण वर्षभरात वसूल. तीन वर्षांच्या आत सल्ला गटातल्या कंपन्यांनी तुलना गटापेक्षा जास्त नवे कारखाने सुरू केले. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध २०१३ मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स या नियतकालिकात आला.

ग्राहकाची तक्रार म्हणजे उशिरा आलेली बातमी

या निबंधातली एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. प्रयोगाआधी बहुतेक कारखान्यांत कापडातल्या दोषाची नोंद व्हायची ती ग्राहकाने तक्रार केल्यावरच. दोष दिसत नव्हते असं नाही. कापड मागावरून उतरल्यावर तपासणी आणि दुरुस्तीचं वेगळं खातं असायचं, आणि कारखान्यातल्या जवळपास पाचव्या हिश्श्याचे कामगार याच कामाला लागलेले असायचे. म्हणजे दोष रोज शेकडो डोळ्यांना दिसत होते, हाताने दुरुस्तही होत होते. पण कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत आणि कशामुळे हा दोष येतो, हे परत मागापर्यंत जात नव्हतं. उद्या तोच माग तोच डाग पुन्हा पाडणार.

आता सांगा, हा प्रश्न कार्यक्षमतेचा की ग्राहकसेवेचा? दोन्ही एकच आहे. तक्रार आल्यावर गोड बोलून माल बदलून देणं ही ग्राहकसेवेची शेवटची पायरी झाली. पहिली पायरी मागाजवळ आहे. डाग विणकराला आधी दिसला आणि त्याला सांगायला जागा असली, तर ग्राहकापर्यंत काही जातच नाही. डाग दुकानदाराला आधी दिसला, तर कितीही चांगलं कॉल सेंटर उभारा, उशीर झालेलाच असतो.

पण कंपन्या तर फक्त १७!

संख्याशास्त्र शिकलेला कोणीही इथे हात वर करेल, आणि करायलाच हवा. १७ कंपन्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष कसा काढायचा? ११ चांगल्या कंपन्या नशिबाने एकाच गटात पडल्या असतील तर?

यासाठी वापरलेली पद्धत अगदी घरगुती उदाहरणाने समजते. १७ मधून ६ कंपन्या निवडण्याचे एकूण १२,३७६ मार्ग आहेत. प्रत्यक्षात त्यातली एकच चिठ्ठी निघाली. आता कल्पना करा की सल्ल्याचा काहीच परिणाम झाला नाही. मग कुठलीही दुसरी चिठ्ठी निघाली असती तरी दोन गटांतला फरक साधारण असाच, कधी थोडा इकडे कधी थोडा तिकडे, दिसला असता. म्हणून संगणकाला सांगायचं, सगळ्या १२,३७६ चिठ्ठ्या काढून बघ आणि प्रत्येक वेळी फरक मोज. प्रत्यक्षातला फरक या ढिगात अगदी टोकाला पडत असेल, तर 'नशीब' हे उत्तर पटत नाही. याला क्रमबदल चाचणी म्हणता येईल. शिवाय प्रत्येक कारखान्याची आकडेवारी आठवड्यागणिक, दीर्घकाळ गोळा केली होती. कारखाने थोडे, पण प्रत्येकाकडे बारकाईने पाहिलेलं.

एक मर्यादा मात्र चाचणीने जात नाही. संशोधकांनी ६६ कंपन्यांना विचारलं होतं, त्यातल्या १७ तयार झाल्या. फुकट सल्लाही नको म्हणणाऱ्या बाकीच्या कंपन्यांत हेच झालं असतं का, हे हा प्रयोग सांगत नाही.

मग आधीच का नाही केलं?

हा सगळ्यात टोचणारा प्रश्न आहे. वही-पेन्सिलीच्या कामातून एवढा पैसा सुटत होता, तर धंद्यात मुरलेल्या मालकांनी ते आधीच का केलं नाही?

आपल्याकडे चटकन उत्तर येतं, मालक आळशी किंवा कामगार ऐकत नाहीत. अभ्यासात वेगळं दिसलं. मुख्य कारण होतं माहितीचा अभाव. काही पद्धती मालकांनी ऐकल्याच नव्हत्या. ज्या ऐकल्या होत्या त्यांचा आपल्याला उपयोग आहे असं त्यांना वाटत नव्हतं. 'आमचा माल शेजारच्यापेक्षा काही वाईट नाही, मग दोष मोजायचे कशाला?' हा युक्तिवाद वरवर बरोबर आहे. पण शेजाऱ्यानेही मोजलेलं नसतं!

दुसरं कारण मालकाच्या वेळेचं. या कंपन्यांत महत्त्वाचे निर्णय घरातले पुरुषच घ्यायचे. कंपनी किती मोठी होणार हे ठरवणारा मोठा घटक कोणता, तर मालकाच्या कुटुंबात धंदा सांभाळणारे पुरुष किती! बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा टाकायची भीती, चोरीची भीती, कोर्टात जाऊन काही निष्पन्न होईल याची खात्री नाही. त्यामुळे चांगली चालणारी कंपनीही एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, आणि वाईट चालणारीला बाजार बाहेर ढकलत नाही. गंमत म्हणजे नोंदी सुरू झाल्यावर मालकांनी मॅनेजरांकडे जास्त निर्णय सोपवले. साहजिक आहे. रोजचा कागद समोर यायला लागला की प्रत्येक मागापाशी स्वतः उभं राहायची गरज उरत नाही.

नऊ वर्षांनी परत जाऊन पाहिलं तेव्हा

बरेच संशोधक निकाल छापून मोकळे होतात. यांनी २०१७ मध्ये पुन्हा त्याच कारखान्यांत जाऊन पाहिलं. २०२० मध्ये छापलेल्या या दुसऱ्या निबंधाचे निष्कर्ष मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटतात.

सल्ला गटातल्या कारखान्यांनी उचललेल्या नव्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटून गेल्या होत्या. तरीही तुलना गटापेक्षा ते बरेच पुढे होते. म्हणजे पेला अर्धा रिकामा आणि अर्धा भरलेला, दोन्ही खरं. पद्धती एका कंपनीच्या एका कारखान्यातून तिच्याच दुसऱ्या कारखान्यात पसरल्या होत्या, पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फारशा गेल्या नव्हत्या. आणि पद्धती का सुटल्या? दोन कारणं पुन्हा पुन्हा सांगितली गेली. ती पद्धत चालवणारा मॅनेजर नोकरी सोडून गेला, किंवा मालकाला वेळ राहिला नाही.

म्हणजे लिहून ठेवलेली गोष्टसुद्धा शेवटी माणसाच्या आधाराने जगते. एकच माणूस ती जाणत असेल, तर तो गेला की वही कपाटात जाते. इथे प्रशिक्षणाचा प्रश्न येतो, म्हणून आता दक्षिणेला बंगळूरला जाऊ.

शिवणकाम करणाऱ्या बायका आणि ८० तास

शाही एक्सपोर्ट्स ही भारतातल्या सर्वांत मोठ्या तयार कपडे निर्यातदारांपैकी एक. तिच्या बंगळूर भागातल्या कारखान्यांत अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम या तीन अर्थतज्ज्ञांनी प्रशिक्षणाचा अभ्यास केला. प्रशिक्षण शिलाईचं नव्हतं, ही यातली मेख. साधारण वर्षभरात सुमारे ८० तास, आणि विषय काय तर लोकांशी बोलणं, वेळेचं आणि पैशांचं नियोजन, अडचण आली की ती मांडणं आणि सोडवणं. यायची इच्छा असलेल्या बायका जागांपेक्षा जास्त होत्या, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून निवड झाली. इथेही तुलना सरळ.

प्रशिक्षण संपल्यावर या गटाची उत्पादकता इतरांपेक्षा १३.५ टक्के जास्त निघाली. शिवणयंत्राला हात न लावता! हे कसं होतं? शिवणकामाच्या लाइनमध्ये प्रत्येकीचं काम आधीच्या हातावर अवलंबून असतं. कॉलर वाकडी आली तर पुढची बाई अडते. ती गप्प राहिली तर वाकड्या कॉलरी येत राहतात. तिने सुपरवायझरला किंवा मागच्या मैत्रिणीला वेळेवर सांगितलं तर लाइन सुरळीत चालते. सांगता येणं हेच इथे कौशल्य. तारापूरच्या वहीचं हे बोलकं रूप म्हणा ना.

कंपनीचा फायदा किती? प्रशिक्षण संपल्यावर आठ महिन्यांत निव्वळ परतावा २५८ टक्के. म्हणजे शंभर रुपये घातले, तर ते वसूल होऊन वर २५८ रुपये.

आणि बायकांचा फायदा? पगार वाढला ०.५ टक्का.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पुन्हा वाचा. काम १३.५ टक्के जास्त, पगार अर्धा टक्का जास्त. संशोधक याचं स्पष्टीकरण देतात की या बाजारात कामगाराला दुसरीकडे सहज जाता येत नाही, आणि तिचं नवं कौशल्य दुसऱ्या मालकाला दिसतही नाही. त्यामुळे तिचं मोल वाढलं तरी पगार जागेवर. प्रशिक्षण दिलं की लोक सोडून जातात, ही मालकांची नेहमीची तक्रार. इथे नोकरी सोडण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मालकाची भीती खोटी ठरली ही चांगली बातमी, पण ती का खोटी ठरली त्याचं कारण मात्र फार चांगलं नाही.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत हजारो हात आहेत, त्यातले कितीतरी बायकांचे. त्यामुळे हा आकडा आपल्यापासून दूरचा नाही.

चॅटवरची सेवा आणि संगणकाची कुजबुज

तिसरा अभ्यास थेट ग्राहकसेवेचा. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनियल ली आणि लिंडसे रेमंड यांनी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला. बहुतेक जण फिलिपाईन्समधले होते आणि अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांच्या अडचणी चॅटवर सोडवत होते. त्यांना एआयची मदत देण्यात आली. ग्राहकाशी बोलणं चालू असताना काय उत्तर द्यावं हे एआय पडद्यावर सुचवायचं. मानायचं की नाही हे माणसाने ठरवायचं. इथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, पण ही मदत टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या लोकांना मिळाली, म्हणून आधी मिळालेले आणि नंतर मिळालेले यांची तुलना करता आली.

तासाला सोडवलेल्या अडचणींची संख्या सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. पण सरासरीने इथे बरंच लपवलं आहे. नव्या आणि कमी अनुभवी लोकांचा फायदा सुमारे ३० टक्के. जुन्या, मुरलेल्या लोकांचा वेग किंचित वाढला आणि त्यांच्या उत्तरांची गुणवत्ता किंचित घसरली. ग्राहकांचं बोलणं सौम्य झालं, 'तुमच्या साहेबाशी बोलायचं आहे' ही मागणी कमी झाली.

असं का? कारण एआय सुचवत होतं ते चांगल्या कर्मचाऱ्यांच्या जुन्या संभाषणांवरून. उत्तम माणसाच्या डोक्यातली युक्ती नव्या माणसाच्या पडद्यावर येत होती. दोन महिने जुना कर्मचारी एआयच्या मदतीने सहा महिने जुन्या माणसासारखं काम करू लागला. आणि एआय मध्येच बंद पडलं तेव्हाही ज्यांनी ते वापरलं होतं त्यांच्यातली सुधारणा पूर्ण गेली नाही. म्हणजे माणसं नुसती नक्कल करत नव्हती, शिकत होती. ग्राहकसेवेचं साधन इथे प्रशिक्षणाचं साधन झालं.

पण तारापूर आणि बंगळूरला उभा राहिलेला प्रश्न इथेही आहे. ज्या मुरलेल्या माणसांच्या संभाषणांवरून यंत्र शिकलं, त्यांना त्याचा मोबदला काय? त्यांचं काम तर सगळ्यांत कमी सुधारलं.

आता सोलापूर

मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ मध्ये इथे काढलेल्या कापड गिरणीला, म्हणजे आपल्या जुन्या मिलला, अजून गावात त्याच नावाने ओळखतात. गिरण्या गेल्या त्याची कारणं अनेक आहेत आणि तो वेगळ्या लेखाचा विषय. पण विणकाम इथून गेलं नाही. सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही बाहेरचा स्वस्त माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो, हे आपण रोज बघतो. मानांकन नावाचं संरक्षण करतं. नाव टिकवायचं काम मात्र मागावरच होतं.

आपल्याकडचे बरेचसे कारखाने तारापूरच्या कंपन्यांपेक्षा खूप लहान आहेत. अडीच लाख डॉलरचा सल्ला कोणी घेणार नाही. पण ३८ पैकी दोन-तीन गोष्टींना दोनशे पानी वही पुरते. एक काल्पनिक हिशोब करून पाहू.

समजा २४ मागांचा कारखाना आहे, पाळी १२ तासांची. प्रत्येक माग पाळीत एकूण दीड तास बंद राहतो. कधी ताण्याचा धागा तुटला, कधी बाण्याचं सूत संपलं, कधी बीम बदलायचं, कधी जॉबर दुसऱ्या मागावर अडकलेला. दीड तास म्हणजे काही फार वाटत नाही. पण २४ मागांचे मिळून ३६ तास झाले. ३६ भागिले १२, म्हणजे ३. म्हणजे तीन माग विकत घेऊन, जागा देऊन, दिवसभर बंद ठेवल्यासारखंच हे आहे!

आता वहीत पाच रकाने आखा: माग नंबर, पाळी, बंद पडल्याचं कारण, किती मिनिटं, आणि कापडात दोष असेल तर कुठला. पंधरा दिवसांनी कारणानुसार मिनिटांची बेरीज करा. समजा ३६ पैकी १८ तास नुसते जॉबरची वाट बघण्यात गेल्याचं निघालं. मग प्रश्न विणकराच्या आळसाचा नाही. दुसरा जॉबर ठेवावा किंवा एखाद्या हुशार विणकराला छोट्या दुरुस्त्या शिकवाव्यात, हा विचार करायचा. दीड मागाएवढं उत्पादन परत मिळतंय, आणि नवा माग घ्यावा लागत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. वही जर दंड करण्यासाठी वापरली, तर आठ दिवसांत त्यात खोट्या नोंदी येतील. हे मानवी आहे. 'माग ११, डाग, विणकराच्या पगारातून कापा' असं एकदा झालं की पुढचा डाग कोणी लिहिणार नाही, आणि आपण पुन्हा ग्राहकाच्या तक्रारीची वाट बघत बसू. म्हणून पहिला नियम हा की नोंद करणाऱ्याचं नुकसान होता कामा नये. दुसरा नियम, वही निदान दोघांना चालवता आली पाहिजे, म्हणजे एक जण गेला तरी ती बंद पडणार नाही. तिसरा, वाचलेल्या पैशातला वाटा ठरवून आणि आधीच सांगून मागावरच्या माणसापर्यंत गेला पाहिजे.

तिसऱ्या नियमाला मालक मंडळी हसतील, माहीत आहे. पण विचार करा. दोष कमी झाले की दुरुस्ती खात्यातलं काम कमी होतं. तारापूरच्या नफ्याच्या हिशोबात वाचलेली ही मजुरीही धरलेली आहे. जो कामगार प्रामाणिकपणे डाग लिहितो, तो कदाचित आपल्याच शेजाऱ्याचं काम कमी करत असतो. त्याला हे कळत नाही असं समजू नका. वाढलेल्या उत्पादनात त्या शेजाऱ्याला दुसरं काम आणि लिहिणाऱ्याला त्याचा वाटा मिळणार असेल, तरच तो मनापासून लिहील.

मोठ्या कंपन्यांकडून शिकण्यासारखं आहे ते हेच. काचेच्या इमारती आणि इंग्रजी घोषवाक्यं बाजूला ठेवा. ज्याला आधी दिसतं त्याला सांगता येणं, सांगितलेलं लिहिलं जाणं, आणि लिहिलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी वाचणं, एवढ्याने १७ टक्के फरक पडू शकतो हे प्रयोगाने दाखवलं. त्या वाढीतलं किती कोणाकडे जावं, हे कुठलाही प्रयोग ठरवून देणार नाही. ते त्या त्या कारखान्यात बसूनच ठरवावं लागेल.

तुमच्यापैकी कोणाचा मागाचा, शिलाईचा किंवा दुकानाचा धंदा असेल आणि अशा नोंदी ठेवत असाल, तर कुठले रकाने उपयोगी पडले ते जरूर कळवा. आणि ठेवत नसाल, तर पंधरा दिवस ठेवून बघा. बेरीज करायला मदत लागली तर मी आहेच.